दहा वर्षांच्या मुदतीची घरे

युद्धोत्तर ब्रिटनमधील घरबांधणीची जी सरकारी छायाचित्रे आज पाहावयास मिळतात, त्यांत एक दृश्य मला विलक्षण वाटते. खिडक्यांना तावदाने बसवलेला घराचा एक चतकोर ट्रकवर लादलेला असून तो कारखान्यातून निघून भर रस्त्याने आपल्या जागेकडे चालला आहे. असे चार चतकोर पायावर शेजारी शेजारी ठेवून सांधले, की अ‍ॅल्युमिनियमचे सबंध घर उभे राहत असे.

जर्मन बॉम्बवर्षावाने साडेचार लाखांच्या आसपास घरे जमीनदोस्त वा निकामी झाल्यावर, मार्च १९४४ मध्ये चर्चिल यांनी नभोवाणीवरून पाच लाख तात्पुरत्या घरांची योजना जाहीर केली आणि त्याच वर्षी कायद्याने तशी तरतूद झाली. प्रत्यक्षात दीड लाखांहून थोडी अधिक, म्हणजे १,५६,६२३ घरे उभी राहिली. त्यांपैकी सुमारे ५४,५०० अ‍ॅल्युमिनियमची होती. शांततेच्या काळात ज्यांच्यापुढे कामाची विवंचना उभी राहणार होती, त्या विमानांच्या कारखान्यांनाच हे काम मिळाले.

या चित्रांचा खरा अर्थ मात्र बर्ट हार्डी यांनी १९४८ साली ‘पिक्चर पोस्ट’ साप्ताहिकासाठी ग्लासगोच्या गोर्बल्स वस्तीत टिपलेली छायाचित्रे शेजारी ठेवल्यावाचून उमगत नाही. एकेका खोलीत दाटीने राहणारी कुटुंबे आणि अनेक बिऱ्हाडांत मिळून एकच शौचकूप, अशा त्या जुन्या चाळवजा इमारतींतील जिणे ज्यांनी भोगले, त्यांना ६३५ चौरस फुटांचे, दोन निजण्याच्या खोल्यांचे स्वतंत्र घर काय वाटले असेल! स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधील एकाच भिंतीत पाण्याचे सारे नळ सामावलेले असत; त्या भिंतीला लागून मोरी, शेगडी आणि शीतकपाट यांची मांडणी असे. अन्नधान्याचे रेशनिंग १९५४ पर्यंत ज्या देशात चालले, आणि शीतकपाट ही जेथे श्रीमंतांच्या घरची वस्तू होती, तेथे ते कामगाराच्या बायकोला सरकारी घराबरोबर मिळाले. घरबांधणीच्या इतिहासात मंत्र्यांच्या भाषणांपेक्षा मी या भिंतीला अधिक महत्त्व देतो.

सरकारी छायाचित्रकाराला घर रिकामे, नवेकोरे आणि रांगेतले हवे असे. कुटुंबांनी स्वतः काढलेल्या चित्रांत तेच घर निराळे होऊन बसते. दारापुढे घेवड्याचे वेल चढलेले असतात, खिडकीला जाळीचा पडदा असतो, उंबऱ्यात बाबागाडी आणि तिच्यामागे हात पुसत उभी राहिलेली आई. या घरांच्या पातळ भिंती हिवाळ्यात गारठत, आतून ओल धरीत, काहींत अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रेही होते. हे दोष खरेच होते. तरीही ज्या घरांची मुदत सरकारदप्तरी जेमतेम दहा वर्षांची धरली होती, त्यांतून लोक हलेनात, कारण बाग आणि शेजार यांना मुदत घालण्याची तजवीज कोणत्याच कायद्यात नव्हती.

लंडनमधील कॅटफर्ड येथे १९४५–४६ साली जर्मन व इटालियन युद्धकैद्यांच्या हातून उभारलेली १८७ घरांची अशीच एक वसाहत साठ वर्षांहून अधिक काळ टिकली. २००९ साली तिच्यातील सहा घरांना संरक्षित वास्तूंचा दर्जा मिळाला. उरलेली पाडण्यास २०१३ मध्ये प्रारंभ झाला, तेव्हाही तेथील कित्येक रहिवासी आपले घर सोडावयास राजी नव्हते.