फुटलेल्या थाळीचा वक्फ

मागच्या रमजानात अम्मीच्या ईसाल-ए-सवाबसाठी गावच्या यतीमखान्यात बिर्याणीची देग पाठवायची ठरवली. तिथल्या स्वयंपाक करणाऱ्या खालांना विचारायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "बेटा, रमजानात जेवण खूप येतं. ईदनंतर कुणी फिरकत नाही. द्यायचंच असेल तर एक मोठं पातेलं दे, आणि कुकरच्या दोन रिंगा."

खरं सांगतो, मन खट्टू झालं. पातेल्याचा कसला सवाब? घरी येऊन पुस्तकं चाळली आणि स्वतःचीच लाज वाटली.

वक्फ म्हटलं की आपल्याला जमीन, दुकानं, मशिदी आठवतात. झिजणाऱ्या, हलवता येणाऱ्या वस्तूंचा वक्फ होतो का, यावर हनफी फकीहांमध्ये जुना वाद आहे. इमाम अबू हनीफांचे शागिर्द इमाम मुहम्मद यांचं मत असं, की ज्या वस्तू वक्फ करण्याचा लोकांत रिवाज आहे, त्यांचा वक्फ जायज. बाराव्या शतकातल्या 'हिदाया' या ग्रंथात अशा वस्तूंची नावं आहेत: कुऱ्हाड, फावडं, करवत, जनाजा, हंडे-पातेली आणि कुरआनच्या प्रती. सगळी एकाच यादीत!

दुसरी गोष्ट इब्न बतूताची. १३२६ च्या रमजानात तो दमास्कसला पोहोचला. तिथल्या एका गल्लीत त्याने पाहिलं, की एका लहान गुलाम पोराच्या हातून चिनी मातीची थाळी पडून फुटली. लोक जमले. एकाने त्याला तुकडे गोळा करायला सांगितले आणि भांड्यांच्या वक्फच्या व्यवस्थापकाकडे नेलं. तशीच थाळी विकत घेण्यापुरते पैसे पोराला मिळाले. नाहीतर मालकाने त्याला मारलं असतं, निदान फैलावर घेतलं असतं, असं इब्न बतूता नोंदवतो.

त्या वक्फच्या दात्याने दोन गोष्टी ओळखल्या होत्या. भांडी फुटतातच, आणि फुटली की मार लहानांनाच बसतो. देगेचा वास गल्लीभर जातो, देणाऱ्याचं नाव होतं. कुकरची रिंग कुणाला दिसत नाही, पण ती सैल झाली की मुलांच्या पानात कच्ची डाळ पडते.

पातेलं घेतलं तेव्हा दुकानदाराने विचारलं, "नाव काय टाकू?" अम्मीचं नाव ओठांवर आलं होतं. म्हटलं, "यतीमखाना टाका."

खालांनी पातेलं उलटं करून बूड वाजवून पाहिलं. "जाड आहे," म्हणाल्या.

या रमजानात देग पाठवण्याआधी एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन विचारा.