वाऱ्यावर जगणारा प्राणी

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ असे आपण म्हणतो. कोणी भूमिका बदलली, तर ‘सरड्यासारखा रंग बदलला’ म्हणतो. म्हणींमध्ये सरडा असा सारखा भेटत असला, तरी रंग बदलण्यात खरा पटाईत असलेला शॅमेलिऑन आपल्यापैकी फार थोड्यांनी नीट पाहिलेला असतो. काही जण त्याला घोयरा म्हणतात. रत्नागिरीला लागून असलेल्या मिरजोळ्यासारख्या गावात करवंदीच्या जाळीत किंवा काजूच्या फांदीवर तो एखादे वेळी दिसतो. अंगाने चपटा, डोळे शंकूसारखे आणि एकेक डोळा वेगळ्या दिशेला फिरणारा, पावले चिमट्यासारखी आणि शेपटी गुंडाळलेली. तो दिसला, की कोणी दगड उचलतो, तर कोणी त्याला घरी नेऊन पाळू पाहतो. या दोन्ही गोष्टींमागे अज्ञान आहे आणि ते फार जुने आहे.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने सुमारे 2,300 वर्षांपूर्वी या प्राण्याचे बारकाईने वर्णन केले. पण पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमचा प्लिनी लिहून गेला, की हा प्राणी काही खात नाही, पीत नाही. तो केवळ वाऱ्यावर जगतो. ही समजूत युरोपात दीड हजार वर्षांहून अधिक काळ टिकली. तिला कारणही होते. हा प्राणी तासन्‌तास हलत नाही आणि अंग फुगवून बसतो. त्याची लांब जीभ इतक्या वेगाने सुटते, की किडा कधी गेला ते डोळ्यांना कळत नाही. भांड्यात ठेवलेल्या पाण्याकडे तर तो ढुंकूनही पाहत नाही.

ही समजूत मोडली ती त्याला जवळून पाहणाऱ्यांनी. पॅरिसच्या विज्ञान अकादमीतील क्लोद पेरो यांनी शॅमेलिऑनचे विच्छेदन केले आणि त्याचे वर्णन 1669 मध्ये प्रसिद्ध झाले. तो वाऱ्यावर नव्हे, तर किड्यांवर जगतो हे त्यातून पुढे आले. थोड्याच वर्षांनी, 1672 मध्ये, मादलेन द स्क्युदेरी या फ्रेंच लेखिकेकडे इजिप्तहून शॅमेलिऑन आले. तिने ते घरी सांभाळले आणि त्यांची हकिकत 1688 मध्ये छापली. पाळलेल्या शॅमेलिऑनविषयी मायेने लिहिलेल्या जुन्या लेखनात तिची गणना होते.

आपल्याकडील जातीला लॉरेंटी याने 1768 मध्ये शास्त्रीय नाव दिले, ते सिलोनवरून ‘झेलॅनिकस’. भारतात आढळणारी शॅमेलिऑनची ही एकमेव जात. रंगाचे गुपित मात्र अलीकडे उलगडले. जिनिव्हाच्या संशोधकांनी 2015 मध्ये मादागास्करच्या एका जातीवर दाखवून दिले, की कातडीतील अतिसूक्ष्म स्फटिकांमधले अंतर कमी-जास्त झाले की रंग पालटतो. लपणे हे त्याचे एकच कारण नाही. ऊन घ्यायचे असले, राग आला किंवा जोडीदार दिसला, तरीही रंग बदलतो.

पिंजऱ्यात तो का टिकत नाही, हेही आता कळले आहे. तो पाणी पितो ते पानावरचे दव आणि पावसाचे थेंब. भरलेली वाटी समोर असूनही तो तहानेने सुकतो. त्याला अंगावर थेट ऊन लागते. काचेतून आलेल्या उन्हाचा तसा उपयोग होत नाही. ऊन आणि चुना म्हणजे कॅल्शियम कमी पडले, की त्याची हाडे मऊ होऊन वाकतात. सतत हाताळल्याने तो धास्तावतो आणि खाणे सोडतो. डोळे आत गेले किंवा दिवसासुद्धा मिटलेले राहिले, तर तो आजारी आहे असे समजावे.

आपल्या देशात तर हा प्रश्न कायद्यानेच सोडवला आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपला शॅमेलिऑन पकडणे, पाळणे, विकणे किंवा मारणे गुन्हा आहे. परदेशी जातींच्या शॅमेलिऑनचीही 2022 च्या दुरुस्तीनंतर सरकारदरबारी नोंद करावी लागते.

मग आपण काय करायचे? पहिली गोष्ट म्हणजे भीती सोडायची. तो विषारी नाही. मादी अंडी घालण्यासाठी जमिनीवर उतरते, तेव्हा ती रस्ता ओलांडताना दिसते. तिची चाल संथ, त्यामुळे गाडीखाली येण्याचा धोका मोठा. अशा वेळी दोन मिनिटे थांबून तिला पलीकडे जाऊ द्यावे. जखमी प्राणी आढळला, तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

दुसरी गोष्ट कुंपणाची. पूर्वी बागेला झाडाझुडपांची वई असे. तिच्यावर दव पडे, किडे येत, फांदीला फांदी लागलेली असे. आज तिच्या जागी चिऱ्याचे गडगे आणि सिमेंटच्या भिंती उभ्या राहत आहेत. शॅमेलिऑनला हवे असलेले ऊन, थेंब आणि किडे त्याला त्या वईतच मिळत होते. म्हणीतल्या सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते. या सरड्याचे तर सारे जगणेच कुंपणात आहे. तेवढे एक कुंपण आपण हिरवे राखले, तर त्याला पाळण्याची गरजच उरणार नाही.