केरळच्या मोनॅझाइट किनाऱ्यावरील किरणोत्सर्गाचे मापन : एक ऐतिहासिक टिपण

त्रावणकोर संस्थानच्या किनाऱ्यावरील काळसर वाळू प्रथम व्यापाराच्या निमित्ताने जगापुढे आली. तेथून युरोपात जाणाऱ्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनॅझाइट हे खनिज असल्याचे शोंबर्ग या जर्मन रसायनज्ञाने १९०९ मध्ये ओळखले. गॅसबत्तीच्या मँटलला लागणारे थोरियम या खनिजापासून मिळे. त्यामुळे वाळूचे मोल थोरियमच्या प्रमाणावर ठरले. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मच्छीमारांच्या प्रकृतीचा प्रश्न पुष्कळ उशिरा उपस्थित झाला.

त्याचे सर्वांत विस्तृत उत्तर करुनागप्पळ्ळी तालुक्यात शोधले गेले. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राने तेथे १९९० मध्ये कर्करोगाची नोंदणी सुरू केली. ६९,९५८ रहिवाशांचा सरासरी साडेदहा वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत २००५ अखेरपर्यंत १,३७९ जणांना कर्करोग झाल्याची नोंद आहे. परंतु गॅमा किरणांच्या वाढत्या मात्रेबरोबर रोगाचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही.

तथापि हा निष्कर्ष गॅमा किरणांपुरता आहे, हे विसरता कामा नये. श्वासावाटे शरीरात जाणाऱ्या वायूंचा विचार वेगळा करावा लागतो. युरेनियमच्या मालिकेतून उद्भवणाऱ्या रेडॉनचे अर्धायुष्य ३.८ दिवस असते. थोरियमच्या मालिकेतील थोरॉन हा त्याचाच समस्थानिक, परंतु त्याचे अर्धायुष्य अवघे ५५.६ सेकंद. खुल्या किनाऱ्यावर वारा हे वायू पांगवितो. बंद घरात मात्र थोरॉन भिंतीजवळ विपुल आणि खोलीच्या मध्यभागी विरळ आढळतो. उपकरण कोठे टांगले, यावर आकडा बदलतो. शिवाय थोरॉनपासून होणारे शिसे-२१२ हे १०.६ तासांच्या अर्धायुष्यामुळे घरभर पसरून फुप्फुसात पोहोचते. म्हणून केवळ वायूच्या मापनावरून मात्रा ठरविणे सदोष होय.

जुन्या साध्या अल्फा-मापकांत दोन्ही वायूंची नोंद एकत्र होण्याचा संभव असे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेल्या मापकात दोन कक्ष सूक्ष्म छिद्रांनी जोडलेले असतात. ती ओलांडण्यापूर्वीच थोरॉनचा बहुतेक अंश क्षय पावतो. दुसऱ्या कक्षात जवळजवळ केवळ रेडॉनच मोजला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरांतील रेडॉनसाठी सुचविलेली घनमीटरला १०० बेकरेल ही पातळी थोरॉनला जशीच्या तशी लावता येत नाही. गॅमाविषयीच्या निष्कर्षावरून वायूंना निर्दोष ठरविणे, अथवा वायूंच्या संमिश्र आकड्यावरून किनाऱ्याला घातक ठरविणे, हे दोन्ही निर्णय सारखेच घाईचे ठरतील.