शीघ्र भिंग

शीघ्र भिंग : केंद्रांतराच्या मानाने ज्याचे द्वारक (प्रकाश आत येण्याचे छिद्र) मोठे असते, असे कॅमेऱ्याचे भिंग. केंद्रांतरास द्वारकाच्या व्यासाने भागले असता येणारा एफ-अंक जितका लहान, तितके भिंग शीघ्र. दुप्पट प्रकाश मिळवावयाचा तर व्यास सु. १·४ पट करावा लागतो आणि आकार तसाच ठेवल्यास काचेचे वजन जवळजवळ तिपटीवर जाते. शिवाय द्वारक वाढते तसे गोलीय विपथन (कडेचे व मध्याचे किरण एकत्र न मिळण्याचा दोष) फार वेगाने वाढते व ते आवरण्यासाठी अधिक भिंगघटक लागतात. म्हणून शीघ्र भिंग नेहमीच महाग पडत आले आहे.

दागेअर यांनी १८३९ मध्ये आपली पद्धती जाहीर केली, तेव्हा त्यांच्या कॅमेऱ्याचे शेव्हाल्ये भिंग सु. एफ/१५ इतके मंद होते. उद्भासनास कित्येक मिनिटे लागत. इमारती त्यात येत, पण जिवंत माणसाचा चेहरा येणे कठीण होते. व्हिएन्ना विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्सव्हाल यांनी १८४० मध्ये एफ/३·६ चे व्यक्तिचित्र-भिंग गणिताने सिद्ध केले. या आकडेमोडीसाठी त्यांना ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातील गणनकुशल सैनिक मिळाले होते. प्रकाश सु. सतरापट वाढला. त्याच सुमारास पत्र्यांची संवेदनक्षमताही रासायनिक उपायांनी वाढल्यामुळे उद्भासन मिनिटाच्या आत आले आणि व्यक्तिचित्रे घेणे हा एक व्यवसाय झाला. भिंगे बनविणारे फोक्टलेंडर यांची त्यामुळे भरभराट झाली. पेट्सव्हाल यांना मात्र एकरकमी मोबदल्यावर समाधान मानावे लागले व दोघांत कायमचे वितुष्ट आले. या भिंगाची प्रतिमा मध्यभागी स्पष्ट, तर कडांना अस्पष्ट असे. निसर्गदृश्ये टिपणारांनी त्यामुळे आपली स्वस्त, मंद भिंगेच चालू ठेवली, आणि ते योग्यच होते. डोंगर हालत नाहीत.

ड्रेझ्डेन येथील एर्नेमान कंपनीचा एर्मानॉक्स कॅमेरा १९२४ मध्ये आला. त्याचे एर्नोस्टार भिंग लूटव्हिख बेर्टेले यांनी रचले होते. ते प्रथम एफ/२ व पुढे एफ/१·८ झाले. घरात छायाचित्र घ्यावयाचे तर तोवर मॅग्नेशियमची पूड पेटवावी लागे; तिचा झगझगाट व धूर न्यायालयात किंवा राजनैतिक बैठकीत कोण सहन करणार? कायद्याचे पदवीधर असलेले एरिख झालोमोन यांनी १९२८ पासून या कॅमेऱ्याने बर्लिनमधील खटले व यूरोपातील मुत्सद्द्यांच्या परिषदा गुपचूप टिपल्या. प्रत्येक काचपट्टी स्वतंत्रपणे भरावी लागे, बहुधा तिपाई लागे आणि स्पष्टतेची खोली अत्यल्प असल्याने अंतराचा अंदाज जराही चुकून चालत नसे. तरीही भिंगाची किंमत येथे निःसंशय वसूल झाली, कारण दुसऱ्या मार्गाने ती चित्रे मिळालीच नसती. झालोमोन यांचा १९४४ मध्ये आउशव्हिट्स येथील छळछावणीत अंत झाला.

बेर्टेले यांनीच १९३२ मध्ये त्साइस कंपनीच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी एफ/१·५ चे झोनार भिंग दिले. हवा व काच यांना जोडणारी त्याची पृष्ठे केवळ सहा होती. लेपरहित प्रत्येक पृष्ठावर सु. ४ ते ५ टक्के प्रकाश परावर्तनाने वाया जातो. दहा पृष्ठांच्या भिंगात त्यामुळे एक-तृतीयांशाहून अधिक प्रकाश नाहीसा होई व विकत घेतलेली शीघ्रता काही अंशी कागदावरच राही. त्साइसमधील अलेक्झांडर स्माकुला यांच्या परावर्तनरोधक लेपाने (१९३५) ही उणीव भरून निघाली. युद्धोत्तर काळात जपानी कंपन्या चढाओढीस लागल्या. निकॉनचे एफ/१·१ (१९५६) व कॅननचे एफ/०·९५ (१९६१) ही त्यातील उदाहरणे होत. त्यांत उपयोगापेक्षा प्रतिष्ठेचा भाग मोठा होता.

त्साइसचे एफ/०·७ चे प्लानार (१९६६) फक्त दहा नग बनले. स्टॅन्ली कुब्रिक यांनी त्यांतील तीन घेऊन बॅरी लिंडन (१९७५) या चित्रपटातील प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केले. कॅमेऱ्याची तोडफोड करून भिंग बसवावे लागले आणि नटांना जागेवरून फारसे हलता येत नव्हते.

फिल्मचा वेग वाढत गेला तसे या भिंगांचे मूळ प्रयोजन आक्रसले. कोडॅक्रोम (१९३५) चा वेग सु. १० होता. निकॉन डी३ (२००७) या अंकीय कॅमेऱ्यात ६,४०० हा आकडा नित्याचा झाला. कॅननच्या ५० मिमी. भिंगांपैकी एफ/१·८ चे एक रूप सु. १३० ग्रॅ., तर एफ/१·२ चे सु. ५८० ग्रॅ. वजनाचे होते, किंमत दहापटींहून अधिक आणि प्रकाश केवळ सव्वादोन पट. अशी भिंगे पुढेही विकली गेली, ती प्रामुख्याने पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी. पेट्सव्हाल यांच्या काळी जो दोष गणला जाई, त्यासाठीच ग्राहक आता पैसे मोजू लागले.