विजेच्या गळतीचा शोध : तारेपासून माणसापर्यंत



व्याख्यानमालेत इतिहास म्हटला म्हणजे गड, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढे येतात. मी आज ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे, तो विजेच्या तारेवरील आवरणाचा आहे. हे आवरण कोठे फाटले, कोठे ओले झाले, कोठून वीज गळू लागली, हे माणसाने कसे शोधून काढले त्याची ही हकीकत आहे. पाटण तालुक्याला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. १९५४ साली कोयनेचे काम सुरू झाले आणि १९६२ साली पोफळीच्या डोंगराच्या पोटातील वीजगृह चालू झाले. शिवाजीसागराच्या पाण्याखाली याच खोऱ्यातील गावे गेली आणि हजारो कुटुंबे उठली. ज्यांनी विजेसाठी घरदार सोडले, त्यांच्या नातवंडांनी विजेचा इतिहासही आपला म्हणून वाचावयास हवा.

विजेच्या तारेला दोन प्रकारचे दुखणे होते. तार तुटली की दिवा जातो आणि ते लहान मुलालाही कळते. परंतु आवरण बिघडले तर दिवा जळत राहतो, मोटर फिरत राहते, आणि वीज मात्र भिंतीत, पत्र्यात किंवा मोटरच्या अंगात उतरलेली असते. हे दुसरे दुखणे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ते ओळखण्याची स्वतंत्र विद्या निर्माण झाली. या विद्येचा इतिहास वाचताना माझ्या ध्यानात आलेली एक गोष्ट मला आज सांगावयाची आहे. ही विद्या प्रथम तारेच्या रक्षणासाठी जन्मली, पुढे मालमत्तेच्या रक्षणासाठी वापरली गेली, आणि माणसाच्या रक्षणाला ती फार उशिरा आली.

तिची सुरुवात तारायंत्रापासून झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मलायातील झाडांचा चीक, ज्याला गटापर्चा म्हणतात, तो तांब्याच्या तारेवर चढवून ती समुद्रात टाकण्याचे प्रयत्न सुरू झाले. १८५८ साली अटलांटिक महासागरातून पहिली तार गेली. ती काही आठवड्यांतच मुकी झाली. आवरण आधीच ठिकठिकाणी कच्चे होते. त्यात संदेश पोचत नाहीत म्हणून व्हाइटहाउस नावाच्या अधिकाऱ्याने तीवर सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला. भागधारकांचे भांडवल समुद्राच्या तळाशी गेले. त्यानंतर ब्रिटिश सरकारने व तार कंपनीने मिळून चौकशी समिती नेमली आणि आवरणाचे मोजमाप हे शास्त्र झाले. विजेच्या रोधाचे सर्वमान्य माप ठरविण्यासाठी १८६१ साली शास्त्रज्ञांची समिती बसली, आणि त्यातूनच 'ओहम' हे माप रूढ झाले.

१८७० साली सुएझ-एडनहून समुद्री तार मुंबईला आली, ती या नव्या विद्येच्या जोरावर. तार समुद्रात सोडली जात असताना जहाजाच्या अंधाऱ्या खोलीत एक माणूस आरशाच्या गॅल्व्हनोमीटरवरील प्रकाशाचा ठिपका अखंड पाहत बसे. ठिपका सरकला की कोठे तरी आवरण फुटले असे समजून तार सोडणे थांबवीत.

पण दोष आहे एवढे कळून भागत नाही. तो कोठे आहे हे कळले पाहिजे. त्यासाठी 'मरे लूप' नावाची युक्ती निघाली आणि जमिनीखालच्या केबलींसाठी ती पुढेही वापरात राहिली. ती तत्त्वतः तराजूसारखीच आहे. समजा, ४०० मीटर लांबीच्या केबलीत एक तार दोषी आहे आणि तिच्या जोडीची तार चांगली आहे. पलीकडच्या टोकाला दोन्ही जोडल्या की ८०० मीटरचा फेरा तयार होतो. अलीकडच्या दोन टोकांमध्ये एक हजार भागांची मोजतार लावावयाची. तिच्यावरून काटा सरकवीत गेले की एका जागी गॅल्व्हनोमीटर शून्यावर येतो. दोषी तारेच्या टोकापासून ३०० व्या भागावर तो शून्य झाला, तर दोष ८०० च्या तीन-दशांशावर, म्हणजे २४० मीटरवर आहे. तेवढ्याच जागी खड्डा घ्यावयाचा. सारा रस्ता उकरणाऱ्या मजुरांचे कष्ट एका त्रैराशिकाने वाचविले, ही या विद्येची मोठी कमाई आहे.

दुसरा टप्पा दिव्यांचा. १८८२ साली मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. ते लावणारी कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली. त्याच १८८२ साली लंडनमध्ये तार-अभियंत्यांच्या संस्थेने वायरिंगचे पहिले नियम छापले. ते कशासाठी होते? विजेच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या आगी टाळण्यासाठी. विमा कंपन्यांनाही आगीचीच चिंता होती. आगीत माणसेही जळतात हे खरे. परंतु धक्का लागून मरणारा माणूस हा त्या नियमांचा मुख्य विषय नव्हता.

घरोघर वायरिंग झाल्यावर तपासणीचे यंत्र हातात धरून नेण्याजोगे हवे होते. सिडनी एव्हरशेड या इंग्रज अभियंत्याने ते काम केले. आपले वायरमन ज्याला 'मेगर' म्हणतात ते नाव १९०३ साली त्याच्याच कंपनीने नोंदविले. मेगर म्हणजे हाताने फिरवावयाचा लहानसा डायनामो आणि त्याला जोडलेले रोध मोजणारे घड्याळ. त्याच्या साहाय्याने तारेच्या आवरणावर सामान्यतः ५०० व्होल्टचा एकदिश दाब देतात आणि आवरण किती मेगओहमचा विरोध करते ते काट्यावर वाचतात. एक मेगओहम म्हणजे दहा लाख ओहम.

याच एव्हरशेडने ओलाव्याचा अभ्यास केला आणि १९१३-१४ च्या सुमारास आपला निबंध मांडला. सूत, कागद यांसारख्या आवरणात पाण्याचे सूक्ष्म धागे असतात आणि गळती मुख्यतः त्यांतून होते, असे त्याने दाखविले. आपल्या पावसाच्या मुलखात याचे महत्त्व सांगावयास नको. मोठ्या जनित्राचे वेटोळे कोरडे असेल, तर मेगरचा आकडा मिनिटामागून मिनिट चढत जातो. ओले असेल तर तो जागच्या जागी बसून राहतो. म्हणून पहिल्या मिनिटाचा आणि दहाव्या मिनिटाचा आकडा यांचे गुणोत्तर काढतात. ते दोन किंवा अधिक आले तर वेटोळे सामान्यतः ठीक समजतात.

घराच्या वायरिंगचा हिशेब वेगळा आहे. तार जितकी लांब आणि फाटे जितके जास्त, तितक्या गळतीच्या वाटा जास्त. म्हणून आवरणाचा रोध लांबीबरोबर वाढत नाही, उलट कमी होतो. यासाठी पन्नास मेगओहमला पॉइंटांच्या संख्येने भागावयाचे, अशी आपल्याकडील रीत आहे. दहा पॉइंटांच्या घराला पाच मेगओहम हवेत. कमी भरले तर मेन बंद करून एकेक सर्किट सोडवीत जावयाचे. ज्याला सोडविल्यावर काटा उचलतो, त्यात दोष.

परंतु पुष्कळ ठिकाणी मेगर नसतो. तेथे वायरमन सिरीजचा दिवा लावून पाहतो आणि दिवा पेटला नाही की तार चांगली म्हणतो. हा हिशेब धोक्याचा आहे. शंभर वॉटच्या दिव्याला नीट पेटावयास ०.४ अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. माणसाच्या छातीतून ०.०३ अँपिअर काही काळ गेला तरी जीव धोक्यात येतो. जी गळती माणूस मारू शकते, तिने दिव्याची तार लालही होत नाही.

फ्यूजचेही तसेच आहे. पाच अँपिअरचा तारेचा फ्यूज वितळावयास साधारण नऊ-दहा अँपिअर लागतात. आपल्या तालुक्यातील पठारांवर जांभा खडक आहे. उन्हाळ्यात अशा जमिनीत अर्थिंगचा रोध १०० ओहम भरला, तर मोटरच्या अंगात उतरलेली २३० व्होल्टची वीज जमिनीत २.३ अँपिअरच सोडते. फ्यूज शाबूत राहतो आणि मोटरचे अंग जिवंत राहते. फ्यूजची योजना तार जळू नये म्हणून आहे. तिला हात लावणाऱ्या माणसाची मोजदाद त्यात नाही.

कायद्याचे मापही पाहा. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत अशी अट होती की, जोडणी देताना गळती जास्तीत जास्त प्रवाहाच्या पाच-हजाराव्या भागाहून अधिक असू नये. पाच अँपिअरच्या घराला हे माप एक मिलिअँपिअर होते. अडीचशे अँपिअरच्या कारखान्याला तेच पन्नास मिलिअँपिअर होते. एवढी गळती साऱ्या तारांत विखुरलेली असेल तर चिंता नाही. पण ती एकाच यंत्रात एकवटली तर? माप भाराप्रमाणे वाढत होते. कामगाराचे काळीज मात्र कारखाना मोठा म्हणून मोठे होत नाही.

माणसाच्या मापाचे यंत्र आले ते खाणीतून. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत विजेचे अपघात ही मोठी चिंता होती. तेथे हेन्री रुबिन या अभियंत्याने १९५५ साली २५० मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडणारी कळ केली, आणि १९५६ साली वीस मिलिअँपिअरच्याही खाली काम करणारा नमुना तयार केला. अमेरिकेत चार्ल्स डॅलझील याने माणसाचा हात किती प्रवाहापर्यंत तार सोडू शकतो याचे प्रयोग केले होते. पुरुषांच्या बाबतीत ते माप सरासरी सोळा मिलिअँपिअरच्या आसपास आले. त्यानेही १९६१ साली अशीच कळ बनविली. तत्त्व साधे आहे. एका तारेने जितका प्रवाह गेला तितकाच दुसरीने परत आला पाहिजे. कमी आला तर तो कोणाच्या तरी अंगातून जमिनीत गेला असे समजून कळ डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वीज तोडते. १८५८ च्या मुक्या झालेल्या तारेपासून येथवर यावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली. आपल्याकडील नियमांतही ही कळ पुढे आली. परंतु अगदी लहान भाराच्या जोडण्या सक्तीबाहेर ठेवल्या गेल्या. पत्र्याच्या छपराचे, एक दिवा आणि एक पंखा असलेले घर त्यांतच मोडते.

माझ्या कामात मी अपघातांची चौकशी जवळून पाहिली आहे. यंत्र झिणझिणते असे कामगार आठ-आठ दिवस सांगत असतात. अपघात झाला की कागदावर 'कामगाराचा हलगर्जीपणा' असा शेरा पडतो. त्या यंत्राचा मेगर शेवटी कोणत्या तारखेला घेतला, आकडा किती आला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. समुद्रातील तार मुकी झाली तेव्हा चौकशी समिती बसली, मापे ठरली. कामगार मुका झाला तेव्हाही तितकीच काटेकोर चौकशी मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

ही मागणी अवघड नाही. प्रत्येक कारखान्यात आणि पाणीपुरवठ्याच्या प्रत्येक पंपघरात आवरणाच्या आकड्यांची वही असावी. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी एकदा आणि पावसात एकदा तिच्यात नोंद व्हावी. आणि ती वही यंत्रावर काम करणाऱ्याला वाचता यावी. एका वर्षाचा आकडा फारसे सांगत नाही. वीस, बारा, पाच, दोन असे आकडे वर्षावर्षाला उतरत गेले म्हणजे आवरण थकत चालले हे मेगर न पाहिलेल्यालाही कळते. गावाच्या वायरमनजवळ सिरीजच्या दिव्याखेरीज एक मेगर असावा, एवढा खर्च ग्रामपंचायतीला झेपण्यासारखा आहे. आणि गळतीवर तुटणारी कळ सक्ती नसली तरी लहान घरांत आधी बसवावी, कारण तेथेच भिंती ओल्या असतात आणि कपडे वाळत घालण्याची तार पत्र्याला बांधलेली असते.

यंदाचा पाऊस आता महिन्या-दीड महिन्यावर आला आहे. आज घरी गेल्यावर आपल्या मोटरचे अर्थिंग पाहा, खड्ड्यात पाणी घाला, आणि वायरमनला बोलावून आकडा मागा.