अमक्याची बायको

बिहारमधल्या एका छावणीत असतानाची गोष्ट. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी युनिटमधल्या सर्व्हिस व्होटर्सच्या नोंदी तपासायचं काम चालू होतं. क्लार्कनं फॅमिली क्वार्टर्समधल्या बायकांची यादी टेबलावर ठेवली. पहिल्याच पानावर अकरा नोंदी अशा होत्या, की 'वाइफ ऑफ' आणि पुढे कुणा हवालदाराचं, कुणा नायकाचं नाव. बाईचं स्वतःचं नाव कुठेच नाही. सही करायला मी पेन उघडलं होतं, हे कबूल करतो. मग आठवलं, की बिहारसह उत्तरेत असल्याच नोंदींपायी लाखो बायकांचं मत गेलं होतं.

स्वतंत्र भारताची पहिली निवडणूक १९५१-५२ ची. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत. मतदार १७ कोटींच्या वर. त्याआधी १९३५ च्या कायद्यानं प्रांतिक निवडणुकांत मत मिळालं होतं ते जेमतेम साडेतीन कोटी लोकांना, तेही जमीन, कर किंवा शिक्षण पाहून. माजी सैनिकांना त्यात स्थान होतं, हे आपल्या लोकांना फारसं ठाऊक नसतं. पेन्शन घेणाऱ्या सैनिकाच्या विधवेला आणि आईलाही होतं. अनेक प्रांतांत मालमत्ताधारक मतदाराच्या पत्नीलाही मत होतं. म्हणजे बाई मतदार व्हायची ती बहुतेक वेळा कुणाची तरी कुणीतरी म्हणून.

राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमानं हा हिशेब मोडला. पण यादी करणारे घरोघर गेले तेव्हा निराळीच अडचण आली. आपल्याकडे बायका नवऱ्याचं नाव घ्यायला लाजायच्या, म्हणून उखाणे आले. इकडे उत्तरेत बायका परक्या माणसाला स्वतःचंच नाव सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच सांगत. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश इथल्या याद्यांत अशा नोंदींचा ढीग झाला.

पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं, की नाव नसेल तर मतदार नाही. बिहारला दुरुस्तीसाठी एक महिना वाढवून दिला आणि तिथल्या बायकांनी त्याचा चांगला फायदा घेतला. राजस्थानलाही मुदत मिळाली, पण तिथे फारसा उपयोग झाला नाही. शेवटी देशातल्या सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळपास २८ लाख जणींची नावं यादीबाहेर राहिली.

निर्णय कठोर होता. मला तो बरोबर वाटतो. तशाच नोंदी चालवून घेतल्या असत्या, तर कायद्यानं दिलेलं मत पुन्हा नवऱ्याच्या खात्यावर गेलं असतं. पण ज्या बाईचं मत त्या वर्षी गेलं, तिला हे समाधान कुणी आणि कसं द्यायचं?

त्या निवडणुकीत साधारण ४५ टक्के मतदान झालं. १९६२ साली पुरुषांचं मतदान सुमारे ६३ टक्के होतं, तर स्त्रियांचं ४७. सोळा टक्क्यांची दरी. २०१९ साली दोघांचंही ६७ टक्क्यांवर पोचलं आणि स्त्रिया किंचित पुढेच होत्या. मधल्या काळात, १९८९ मध्ये, मतदानाचं वय अठरावर आलं. हक्क कागदावर एका दिवसात येतो. पायाखाली यायला अर्धं शतक लागलं.

आपली, म्हणजे गणवेशातल्यांची, गोष्टही वेगळी नाही. मी राजौरीकडे असताना २००४ मध्ये माझी पहिली मतपत्रिका डाकेच्या थैलीतून आली, तेव्हा निकाल लागून आठवडा झाला होता. २०१६ पासून मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पाठवायला सुरुवात झाली, त्यामुळे जाण्याचा वेळ वाचला. परतीचा प्रवास अजून टपालानंच आहे आणि मतमोजणीच्या दिवशी सकाळी आठच्या आत तो संपावा लागतो.

'बायको' हा शब्द मात्र सर्व्हिस व्होटरच्या कायद्यात टिकून होता. सैनिकासोबत राहणाऱ्या पत्नीला सर्व्हिस व्होटर होता येत असे. महिला अधिकाऱ्याच्या पतीला नाही. माझ्याबरोबर असलेल्या एका महिला मेजरचे यजमान प्राध्यापक होते. दर बदलीला सोबत यायचे आणि मत गावाकडे ठेवून यायचे. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेनं 'पत्नी'च्या जागी 'जोडीदार' या अर्थाचा शब्द घातला, तेव्हा हे संपलं.

तर ती यादी मी परत पाठवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा आली, अकराही नावांसह. क्लार्क सांगत होता, एका नायकाला बायकोचं कागदावरचं नाव पटकन आठवेना. घरात ती 'बबुआ के माई'च होती. त्यानं क्वार्टरवर फोन लावून तिलाच विचारलं.

निवृत्त मित्रांनो, एक काम करा. पेन्शनीत आल्यावर सर्व्हिस व्होटरची नोंद आपोआप गावच्या यादीत जात नाही, फॉर्म ६ भरावा लागतो. तो भरताना घरच्या मंडळींचाही भरा. आणि त्यांचं नाव त्यांनाच सांगू द्या.