पहिल्या थेरपिस्टला थेरपी कोणी दिली?

खारदांड्यातून रेकॉर्ड करतोय, मागे बाजाराचा गलका ऐकू आला तर चालवून घ्या.

मी थेरपी सुरू केली तेव्हा आईने विचारलं, "तुझं त्या बाई ऐकतात, त्यांचं कोण ऐकतं?" प्रश्न भारी आहे. मनोविश्लेषणात त्याचा नियमच झाला. १९२० मध्ये बर्लिनला प्रशिक्षण संस्था निघाली. तिथे पद्धत पडली: शिकणाऱ्याने स्वतःचं विश्लेषण करून घ्यायचं, थिअरी शिकायची आणि देखरेखीखाली पेशंट बघायचे.

पण भारतात विश्लेषण करणार कोण? गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात संस्था काढली, तेव्हा त्यांचं स्वतःचं विश्लेषण कोणीच केलं नव्हतं. फ्रॉइडशी होता तो पत्रव्यवहार. कोडवाल्यांना कळेल, पहिला कंपायलर कंपाइल कशाने करायचा, तोच घोळ!

मुंबईला विश्लेषक मिळाला तो मुसोलिनीमुळे. १९३८ मध्ये इटलीत ज्यूंविरुद्ध कायदे आले आणि एमिलिओ सेर्वाडिओ मुंबईत आले. इथल्या काही जणांनी त्यांच्याकडे विश्लेषण करून घेतलं. पुढे १९७४ मध्ये शहरात सायकोअॅनालिटिक थेरपी अँड रिसर्च सेंटर उभं राहिलं.

आता सेशन्स व्हिडिओ कॉलवरही होतात. पण पूर्ण मनोविश्लेषक व्हायचं तर आजही आठवड्यातून तीन ते पाच वेळा, कित्येक वर्षं, स्वतःच्या खर्चाने. आमच्या गल्लीतून कोणाला परवडेल, सांगा.

आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणून तुझी फी एवढी होय!"